फुकटचं बोरिस आणि दावणीतल्या चार गाई : कीबोर्डवरून वर्तन नोंदवायच्या सॉफ्टवेअरचा लेखाजोखा

गोठ्यात कॅमेरा बसवणं आता अवघड राहिलेलं नाही. अवघड असतं ते त्यानंतरचं. बारा-बारा तासांचं रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर येऊन पडतं आणि त्यातून गाय किती वेळ बसली, तिने किती वेळ रवंथ केला, कुणी कुणाला कितीदा ढुशी मारली हे आकड्यांत काढायचं असतं. परभणीला किंवा उदगीरला पशुवैद्यकीची पदव्युत्तर पदवी करणारा असो, छत्रपती संभाजीनगरला प्राणिशास्त्रात पीएचडी करणारा असो, की एम.एड.साठी वर्गातल्या शिकवण्याचा व्हिडिओ तपासणारा असो, सगळे आधी वही-पेन आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बसतात आणि दुसऱ्या दिवशी कंटाळतात. अशांसाठी बोरिस हे सॉफ्टवेअर आहे. व्हिडिओ चालू ठेवायचा, वर्तन दिसलं की ठरलेली कळ दाबायची. वेळ, जनावर आणि वर्तन यांची ओळ आपोआप तक्त्यात पडते.

बोरिस इटलीतल्या तुरिन विद्यापीठात तयार झालं. ऑलिव्हिए फ्रियार आणि मार्को गांबा हे त्याचे कर्ते. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २०१६ साली आला. सॉफ्टवेअर मोफत आहे, कोडही खुला आहे. मुदत संपत नाही, डोंगल लागत नाही, विद्यार्थ्यांसाठी वेगळी आणि संस्थेसाठी वेगळी अशी आवृत्ती नाही. विंडोजसाठी इन्स्टॉल न करता चालणारी पोर्टेबल आवृत्तीही मिळते. झिप फोल्डर उघडायचा आणि आतली फाइल चालवायची. कॉलेजच्या संगणक कक्षात अ‍ॅडमिनचा पासवर्ड मिळत नाही, तिथे ही सोय लाख मोलाची. लिनक्सवर ते पायथनच्या पॅकेजमधून येतं. मॅकवर मात्र खटपट जास्त आहे, तेवढ्यासाठी मॅक घेऊन बसू नये. सगळा इंटरफेस इंग्रजीत आहे, मराठी नाही. पण रोज लागणारे शब्द पंधरा-वीसच, ते आठवडाभरात अंगवळणी पडतात.

पहिल्याच दिवशी कळा दाबायला सुरुवात करू नका. बोरिसमध्ये आधी प्रोजेक्ट तयार करायचा आणि त्यात एथोग्राम भरायचा. एथोग्राम म्हणजे वर्तनांची यादी, प्रत्येकाची व्याख्या आणि त्याला दिलेली कळ. वर्तनं दोन जातींची असतात. स्टेट म्हणजे काही काळ टिकणारं: बसणं, उभं राहणं, खाणं, रवंथ. पॉइंट म्हणजे क्षणात होऊन जाणारं: ढुशी, लाथ, हंबरणं. पॉइंटची कळ एकदा दाबली की काम झालं. स्टेटची कळ पहिल्यांदा दाबली की वर्तन सुरू आणि दुसऱ्यांदा दाबली की बंद. घोळ सगळा इथेच होतो, म्हणून यावर जरा थांबू.

समजा, दोन नंबरच्या गाईचा रवंथ ००:१४:२२ ला सुरू झाला, कळ दाबली. ००:४१:०५ ला तो थांबला, पण तेवढ्यात शेजारच्या गाईकडे लक्ष गेलं आणि बंदची कळ राहिली. खरा रवंथ २६ मिनिटं ४३ सेकंदांचा. पुढे ०१:२०:१० ला गाय पुन्हा रवंथ करू लागली आणि आपण ‘सुरू’ समजून कळ दाबली. बोरिसच्या लेखी हे ‘बंद’. म्हणजे तक्त्यात ६५ मिनिटं ४८ सेकंदांचा एक अखंड रवंथ पडला आणि आता चालू असलेला खरा रवंथ नोंदीतून गायब. तिथून पुढे सगळं उलटं: गाय रवंथ करते तेव्हा नोंद कोरी आणि गाय गप्प असते तेव्हा रवंथ चालू.

बोरिसमध्ये नोंदी तपासायची सोय आहे. एखादं स्टेट सुरू झालं आणि बंदच झालं नाही, तर अनपेअर्ड इव्हेंट म्हणून ते दाखवलं जातं आणि दुरुस्त करता येतं. पण हे भान ठेवा की ही तपासणी फक्त जोडी जुळते का एवढंच बघते. एक कळ सुटली तर एकूण कळा विषम होतात आणि चूक सापडते. दोन सुटल्या तर संख्या पुन्हा सम होते, तपासणी पास होते आणि चुकीचा डेटा साळसूदपणे प्रबंधात जाऊन बसतो. अशी चूक दोनच ठिकाणी डोळ्यांत भरते: इव्हेंटच्या आलेखात अवाजवी लांब पट्टा दिसतो, नाहीतर सरासरी कालावधी बुद्धीला पटत नाही. म्हणून प्रत्येक ऑब्झर्व्हेशन, म्हणजे नोंदींचा एक संच, संपलं की आलेख उघडून डोळ्यांखालून घालायचाच.

त्याहून चांगला उपाय म्हणजे बंदची कळ दाबायची वेळच येऊ नये असा एथोग्राम बांधणं. बोरिसमध्ये एक्सक्लूजन मॅट्रिक्स नावाचा चौकटींचा तक्ता असतो. त्यात ‘उभी’ आणि ‘बसलेली’ एकमेकींना वर्ज्य अशी खूण केली, की ‘बसलेली’ची कळ दाबताच ‘उभी’ आपोआप बंद होते, तीही त्याच क्षणाला. आता वर्तनांचे दोन पदर करायचे. पहिला शरीराच्या स्थितीचा: उभी, बसलेली, चालणारी. दुसरा तोंडाच्या कामाचा: खाणं, पाणी पिणं, रवंथ, अंग चाटणं आणि, हे विसरू नका, ‘काही नाही’. प्रत्येक पदरातली वर्तनं आपापसांत वर्ज्य, पण एका पदराची दुसऱ्याशी आडकाठी नाही, कारण गाय बसूनही रवंथ करते आणि उभी राहूनही. ‘काही नाही’ हे वर्तन बहुतेक जण एथोग्राममधून वगळतात, कारण त्यात मोजण्यासारखं काय, असं वाटतं. पण तेच सगळ्यांत उपयोगी. ते असलं की तोंडाचा पदर कधीच रिकामा राहत नाही, रवंथ थांबला की ‘काही नाही’ दाबायचं आणि पुढचं जे दिसेल ते. मग एखादी कळ सुटली तरी चूक तेवढ्या एका तुकड्यापुरती राहते, पुढचा दिवसभराचा डेटा उलटा होत नाही. नोंदींची बेरीज तपासणंही सोपं: एका पदरातली सगळी वर्तनं मिळून निरीक्षणाच्या एकूण वेळेएवढी भरलीच पाहिजेत. नाही भरली तर कुठेतरी भोक आहे.

यात तिसरी गोष्ट ‘दिसत नाही’. खांबामागे डोकं गेलं, मधे माणूस उभा राहिला, दुसरी गाय आडवी आली. तोंडाच्या पदरात हेही एक वर्तन म्हणून ठेवायचं आणि टक्केवारी काढताना तेवढी मिनिटं छेदातून वजा करायची. ६० मिनिटांच्या व्हिडिओत १५ मिनिटं तोंड दिसलंच नाही आणि १८ मिनिटं रवंथ दिसला, तर रवंथ १८ भागिले ४५, म्हणजे ४० टक्के. १८ भागिले ६०, म्हणजे ३० टक्के, असं नाही. टाइम बजेट, म्हणजे कुठल्या वर्तनात किती वेळ गेला याचा हिशेब, काढताना संपूर्ण व्हिडिओ धरायचा, फक्त नोंदवलेला भाग धरायचा, की आपण दिलेला वेळ धरायचा हे बोरिस विचारतं. तिथे न वाचता ओके केलं, की टक्के बिघडतात.

व्याख्या लिहिताना ‘रवंथ करणे’ एवढंच लिहून भागत नाही. घास गिळल्यावर दुसरा घास वर येईपर्यंत काही सेकंद जबडा थांबतो. तो विराम रवंथाचाच भाग. मग रवंथ संपला कधी म्हणायचं? ३० सेकंद जबडा हलला नाही तर, असा काहीतरी नियम ठरवावा लागतो आणि संपल्याची वेळ शेवटच्या चावण्याची धरायची, ३०व्या सेकंदाची नाही. म्हणजे नोंदवणाऱ्याला थोडं मागे जाऊन कळ दाबावी लागणार. हा नियम एथोग्राममधल्या वर्णनाच्या रकान्यात मराठीत सविस्तर लिहा; तिथे देवनागरी चालते. वर्तनाचा कोड मात्र रोमन अक्षरांत, छोटा आणि मोकळी जागा न सोडता ठेवा. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर देवनागरीचे चौकोन-ठिपके होतात. एक्सेलच्याच रूपात एक्सपोर्ट केलं तर ही भानगड होत नाही.

कळांची मांडणी हा वरवर किरकोळ वाटणारा, पण मनगटाशी संबंध असलेला विषय. नावाच्या आद्याक्षरावरून कळा ठेवायचा मोह होतो, तो टाळा. बोटं कुठे असतात ते बघा. डावा हात शरीराच्या स्थितीला: डी, एफ, एस. उजवा हात तोंडाच्या कामाला: जे, के, एल, एम आणि ‘काही नाही’ला एच. ढुशी, लाथ यांसारखे पॉइंट वरच्या ओळीत: यू, आय. ‘दिसत नाही’ला एक्स. जनावरांना १ ते ४ आकडे. एफ आणि जे या कळांवर उंचवटा असतो, त्यामुळे पडद्यावरून नजर न काढता बोटं जागेवर येतात. कीबोर्डची भाषा मराठीवर असेल तर कळेतून रोमन अक्षर जातच नाही आणि वर्तन नोंदलं जात नाही. आधी खालच्या कोपऱ्यातली भाषा बघा, मग सॉफ्टवेअरला दोष द्या. कॅप्स लॉकही बंद ठेवा. प्रेफरन्सेसमध्ये कळ दाबल्यावर आवाज होण्याची सोय आहे, ती चालू ठेवली की न लागलेली कळ कानाला कळते.

एकाच व्हिडिओत चार गाई असतील तर आधी गाईची कळ, मग वर्तनाची. यातली नेहमीची चूक म्हणजे गाय बदलायची राहते आणि तीनची ढुशी दोनच्या खात्यावर जाते. जनावर निवडलेलंच नसेल तर इशारा देण्याची सोय बोरिसमध्ये आहे, पण चुकीचं जनावर निवडलं असेल तर ते बिचारं काय करणार? म्हणून एका वेळी एकच गाय घ्या, व्हिडिओ चारदा बघा. वेळ जास्त लागेल असं वाटतं, पण एका गाईसाठी वेग चौपट करता येतो. वेग वाढवला तरी नोंद व्हिडिओच्या खऱ्या वेळेचीच होते. बारा तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये चार गाई म्हणजे ४८ गाय-तास; चौपट वेगाने निव्वळ बघण्याचे १२ तास, त्यावर थांबणं, मागे जाणं, दुरुस्ती हे वेगळं. ढुश्या मात्र वेग वाढवून मोजू नका. त्यासाठी एक वेगळी फेरी, नेहमीच्या वेगाने, चारही गाईंची एकत्र.

मारणारी कोण आणि मार खाणारी कोण, हे मॉडिफायरमधून, म्हणजे वर्तनाला जोडायच्या जादा तपशिलातून, नोंदवता येतं. ढुशीची कळ दाबली की खिडकी उघडते आणि मार कुणी खाल्ला ते निवडायचं. ढुशीसाठी हे छान आहे. पण हौसेने प्रत्येक वर्तनाला तीन-तीन मॉडिफायर लावले, तर दर कळेला खिडकी उघडते आणि लय तुटते. प्रबंधाच्या तक्त्यात जो रकाना येणारच नाही, तो मॉडिफायर नको.

ऑब्झर्व्हेशन सुरू करताना व्हिडिओ शून्यावर थांबवून त्या क्षणी चालू असलेली सगळी स्टेट आधी दाबायची. चार गाई एकत्र घेत असाल तर दोन पदर धरून वर्तनाच्या आठ कळा. हे केलं नाही तर पहिली नोंद होईपर्यंतचा वेळ हवेत राहतो. फ्रेम-फ्रेम पुढे-मागे जायची सोय आहे. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ०.०४ सेकंद. बसणं-उठणं यांसारख्या मिनिटांच्या मोजणीत त्याची गरज नसते. डोळ्याने दिसून बोटाने कळ दाबेपर्यंत थोडा उशीर होतोच, पण तो सुरुवातीला आणि शेवटाला साधारण सारखाच, त्यामुळे कालावधीवर फारसा परिणाम होत नाही. घंटा वाजल्यावर किती वेळाने मान वर केली, असलं काही मोजायचं असेल तर मात्र तो उशीर थेट आकड्यात उतरतो. तिथे फ्रेम मोजल्याशिवाय इलाज नाही. लॅपटॉपवर आकड्यांचा वेगळा कळसंच नसेल तर साधा यूएसबी कीबोर्ड जोडा, फ्रेमच्या कळांसाठी तो सोयीचा पडतो.

आता व्हिडिओकडे. बोरिसबद्दल ऐकू येणाऱ्या बऱ्याच तक्रारी मुळात व्हिडिओच्या असतात. सीसीटीव्हीचे रेकॉर्डर फाइल आपापल्या खास रूपात देतात आणि ते रूप नेहमीच्या प्लेअरला झेपेलच असं नाही. रेकॉर्डरच्या सोबतच्या सॉफ्टवेअरमधून ती एमपी४ करून घ्यायची. एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत रेकॉर्ड केलं तर डिस्कवर जागा कमी लागते, पण जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ अडखळतो, चौपट वेग तर विसराच. एच.२६४ मध्ये बदलून घेतलेला बरा. बोरिसच्या आतच एफएफएमपेग हे व्हिडिओचं रूप बदलणारं सॉफ्टवेअर असतं आणि व्हिडिओ लहान करायची, पुन्हा एन्कोड करायची सोय मेनूतच मिळते. गोठ्यातल्या कामाला ७२० पिक्सेल उंचीचं चित्र पुरतं. बिटरेट, म्हणजे सेकंदाला साठवला जाणारा डेटा, २ मेगाबिट ठेवला तर तासाला ९०० एमबी, म्हणजे बारा तासांना साधारण ११ जीबी.

मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगची खोड वेगळी. उजेड कमी-जास्त झाला की मोबाइल फ्रेमचा वेग स्वतःच बदलतो. अशा फाइलमध्ये फ्रेमवरून काढलेली वेळ सरकते. बदलता फ्रेमवेग काढून स्थिर २५ किंवा ३० करून घ्या आणि मगच कोडिंग सुरू करा; निम्मं कोडिंग झाल्यावर फाइल बदलली तर आधीच्या नोंदी जागेवर बसणार नाहीत. फ्रेम मागे नेताना प्लेअर रेंगाळतो, त्याचंही कारण फाइलमध्येच असतं. पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेम लांब-लांब असतात आणि मागच्या फ्रेमवर जायला प्लेअरला तिथपर्यंत मागे जाऊन पुन्हा उलगडत यावं लागतं.

रेकॉर्डर तासातासाच्या फाइल करतो. प्रत्येक फाइलचं वेगळं ऑब्झर्व्हेशन केलं तर तासाच्या काठावर चालू असलेल्या रवंथाचे दोन तुकडे होतात. एकूण वेळ बरोबर येते, पण रवंथाच्या फेऱ्यांची संख्या वाढते आणि सरासरी फेरी आखूड होते. एकाच ऑब्झर्व्हेशनमध्ये फाइल ओळीने लावा. त्यातही एक मेख आहे. एक फाइल बंद करून दुसरी उघडताना काही रेकॉर्डर एक-दोन सेकंद खातात. चोवीस फाइलच्या तेवीस सांध्यांत दोन-दोन सेकंद म्हणजे ४६ सेकंद. पडद्यावरचं घड्याळ आणि बोरिसची वेळ प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला ताडून बघितलं की हे कळतं. दोन कॅमेऱ्यांचे व्हिडिओ शेजारी-शेजारी चालवता येतात आणि दुसऱ्याला वेळेचा फरक देता येतो. तो फरक घड्याळावरून काढू नका, दोन्हीकडे दिसणारी एखादी घटना घ्या, गड्याने बादली आपटली तो क्षण घ्या.

आपल्याकडच्या गोठ्यांचे म्हणून काही प्रश्न आहेत. वीज जाते म्हणून रेकॉर्डरला यूपीएस लावतात आणि कॅमेऱ्यांचा पुरवठा थेट भिंतीवरच्या प्लगमध्ये ठेवतात; रेकॉर्डर चालू, चित्र काळं. दोन्ही एकाच यूपीएसवर हवेत. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, काचेवर जाळं विणतो आणि सकाळी बघावं तर अर्धा पडदा पांढरा. रोज संध्याकाळी कोरड्या फडक्याने काच पुसायची, कडबाकुट्टी चालवल्यावर तर नक्कीच. पत्र्याला लागूनच कॅमेरा लावू नका, मे महिन्यात पत्रा तापतो; आडव्या वाशाला, साधारण तीन मीटर उंचीवर आणि गव्हाणीच्या बाजूने लावा. मागून चित्रीकरण केलं तर शेपट्या छान दिसतात आणि जबडे दिसत नाहीत.

ओळख हा दुसरा मुद्दा. देवणी जातीतल्या शेवरा प्रकाराच्या गाईंच्या अंगावरचे काळे ठिपके प्रत्येकीचे वेगळे, ओळख पटकन पटते. त्याच जातीतली बाळंक्या प्रकारची गाय जवळजवळ पांढरीच असते आणि लाल कंधारी जातीची एकसारखी तांबडी. रात्रीच्या करड्या चित्रात या सगळ्या एकाच माळेचे मणी. उस्मानाबादी शेळ्या तर बहुतेक काळ्याच. अशा वेळी पाठीवर मोठा आकडा रंगवा, नाहीतर गळ्यात चमकणाऱ्या पट्टीचा वेगवेगळ्या लांबीचा पट्टा बांधा. कानातल्या बिल्ल्यावरचा आकडा तीन मीटरवरून वाचता येत नाही. दावणीला बांधलेल्या गाईंची जागा ठरलेली असते म्हणून निर्धास्त राहू नका. दूध काढून झालं की गडी जागा बदलून बांधतो आणि व्हिडिओत ते रात्री अकराला लक्षात येतं.

चोवीस तास सलग नोंदवणं जमत नाही म्हणून अनेक जण दर दहा मिनिटांनी काय चाललंय तेवढंच टिपतात. ठरावीक अंतराने व्हिडिओ थांबवून नोंद घ्यायची सोय बोरिसमध्ये आहे. बसणं, उभं राहणं, रवंथ यांना ही पद्धत चांगली लागू पडते. पाणी पिण्याला नाही. शेळी दिवसात चारदा, प्रत्येक वेळी एक मिनिट पाणी प्यायली तर १४४० मिनिटांत चार मिनिटं. दहा मिनिटांच्या अंतराने दिवसात १४४ नोंदी होतात आणि त्यात पाण्याची नोंद पडण्याची अपेक्षा ०.४. म्हणजे बहुतेक दिवशी शेळी पाणी प्यालीच नाही असा निष्कर्ष निघेल. पाणी, ढुशी, लाथ यांना सलग नोंद हवीच.

वर्गातला शिक्षक-विद्यार्थी संवाद मोजायची फ्लँडर्सची पद्धत वापरणाऱ्यांनाही बोरिस कामाला येतं. दहा प्रकार, दर तीन सेकंदांनी एक नोंद. १ ते ९ त्याच आकड्यांच्या कळांवर आणि दहावा, म्हणजे शांतता किंवा गोंधळ, शून्यावर. सगळे पॉइंट ठेवा. ३५ मिनिटांच्या तासिकेच्या ७०० नोंदी होतात. एक्सपोर्ट केलेली यादी एक्सेलमध्ये एक ओळ खाली सरकवून शेजारी ठेवली की जोड्या तयार, त्यावरून दहा बाय दहाचा तक्ता पाच मिनिटांत. हाताने टॅली मारत बसण्यापेक्षा कितीतरी सुटसुटीत.

दोघांनी एकाच व्हिडिओचं कोडिंग केलं तर त्यांचं किती जुळतं हे बोरिस कोहेनच्या कॅपाने काढून देतं. कॅपा का, नुसते टक्के का नाहीत, ते एका उदाहरणात दिसेल. १२० क्षण घेतले. दोघांनाही ५० क्षणी रवंथ दिसला, ४६ क्षणी दोघांनाही दिसला नाही, १४ ठिकाणी फक्त पहिल्याला दिसला, १० ठिकाणी फक्त दुसऱ्याला. जुळलेले ९६, म्हणजे ८० टक्के. झकास वाटतं. पण पहिला ६४ वेळा ‘हो’ म्हणतो आणि दुसरा ६० वेळा, तर डोळे मिटून कळा दाबल्या असत्या तरी ५० टक्के जुळलंच असतं. कॅपा म्हणजे ०.८० वजा ०.५०, भागिले १ वजा ०.५०. उत्तर ०.६०. एवढ्यावर प्रबंध रेटू नये. न जुळलेल्या २४ जागा उघडून बघितल्या की भांडण बहुधा व्याख्येचंच निघतं: घास गिळल्यावरचा विराम एकाने रवंथात धरला, दुसऱ्याने नाही. तक्त्यातल्या ओळीवर डबल क्लिक केलं की व्हिडिओ त्याच क्षणाला जातो, त्यामुळे हे बघणं सोपं. कोडिंग करणाऱ्याला कुठल्या गाईला कुठला खुराक दिलाय ते माहीत नसावं, हेही सांभाळा. फाइलच्या नावातच गटाचं नाव लिहून ठेवायची सवय सोडा.

बोरिस संख्याशास्त्र करत नाही. एकूण वेळ, संख्या, सरासरी, आलेख एवढं देतं आणि पुढचं ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा एक्सेलमध्ये न्यायचं. तिथे एक सापळा हमखास असतो. चार गाईंच्या ४०० रवंथ-फेऱ्या एक्सपोर्ट झाल्या म्हणून नमुना ४०० होत नाही. नमुना चारच. आधी प्रत्येक गाईची सरासरी काढा, नाहीतर गाय हा घटक धरणारं मॉडेल वापरा. मौखिकीत बाहेरचे परीक्षक पहिलं बोट इथेच ठेवतात.

पर्यायांचं थोडक्यात सांगायचं तर नोल्डस या डच कंपनीचं ऑब्झर्व्हर एक्सटी जास्त भरदार आहे, पण त्याला पैसे मोजावे लागतात, आणि वर सांगितलेल्या कामांसाठी ते घेण्याचं कारण दिसत नाही. हेलसिंकीत खास गाईंसाठी बनलेलं काऊलॉग साधं आहे, एका गाईच्या बसण्या-उठण्यापुरतं पुरतं. संभाषण, हावभाव, बोली यांवर काम करणाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेचं ईलान बघावं. तिथे कळा दाबण्यापेक्षा पट्ट्यांवर मजकूर लिहायचा असतो. व्हिडिओ न करता थेट नोंदी घ्यायच्या असतील, म्हणजे जायकवाडीच्या पाणथळीत पक्षी किंवा नायगावात मोर, तर बोरिसच्याच लाइव्ह प्रकारात लॅपटॉप घेऊन बसता येतं. उन्हात पडदा दिसत नाही, एवढी एक अडचण.

फाइलचं एक लक्षात ठेवा. बोरिसच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये नोंदी असतात, व्हिडिओ नसतो. व्हिडिओ कुठे ठेवलाय तो पत्ता तेवढा असतो. प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर घेऊन मार्गदर्शकांच्या संगणकावर उघडला की व्हिडिओ सापडत नाही असा संदेश येतो आणि घाबरायला होतं. नोंदी जागच्या जागी असतात. प्रोजेक्ट आणि व्हिडिओ एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि मेनूतून पत्ते प्रोजेक्टच्या सापेक्ष करून घ्या, मग फोल्डर कुठेही न्या. प्रेफरन्सेसमध्ये आपोआप सेव्ह होण्याची मिनिटं ५ भरून ठेवा, कारण विजेचं काही सांगता येत नाही. प्रोजेक्ट फाइल लहान असते, त्यामुळे रोजच्या तारखेने एक प्रत स्वतःलाच मेल करणं जड नाही.

आवृत्ती एकदा निवडली की प्रबंध संपेपर्यंत बदलू नका. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुनीत उघडेल याचा भरवसा नसतो, आणि दोघं मिळून कोडिंग करत असाल तर एकाकडे नवी आणि दुसऱ्याकडे जुनी असं होऊन अडतं. ज्या झिपमधून इन्स्टॉल केलं ती झिप जपून ठेवा. आवृत्तीचा क्रमांक, एथोग्रामचा पूर्ण तक्ता, एक्सक्लूजन मॅट्रिक्स आणि २०१६च्या शोधनिबंधाचा संदर्भ हे चारही प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात जायला हवं. एथोग्राम बोरिसमधून थेट एक्सपोर्ट होतो, हाताने टाइप करू नका.